कळलावी : जोपासना आणि दक्षता

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या उतारांवरील झुडपांतून ज्वालेसारखी फुले डोकावू लागतात. ही कळलावी; अग्निशिखा हे तिचे दुसरे नाव. प्रारंभी हिरवट-पिवळ्या असलेल्या पाकळ्या पुढे केशरी व लाल होतात. पानांची टोके वळून आधाराला पकड घेतात आणि वेल वर चढते. तामिळनाडूचे हे राज्यपुष्प होय.

लागवड कंदांपासून करतात. पावसाळ्याच्या आरंभी, पाणी न साचणाऱ्या जमिनीत कंद दोन ते तीन इंच खोल लावावा. त्याच्या टोकाचा कोंब नाजूक असतो. तो मोडू देऊ नये. वेलीला काठीचा वा कुंपणाचा आधार द्यावा. पावसाळ्यानंतर वेल सुकते. ती मेली असे समजून कंद उपटू नये. पाणी बंद ठेवल्यास पुढील पावसात तो पुन्हा फुटतो.

मात्र या वेलीचे सर्व भाग, विशेषतः कंद व बिया, विषारी आहेत. त्यांतील कोल्चिसिन हे द्रव्य वातरक्तावर अल्प मात्रेत औषध, तर अधिक मात्रेत प्राणघातक ठरते. रताळे समजून कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. ओकाऱ्या व जुलाब काही तासांनी सुरू होतात; म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून कंद वापरण्याची जुनी प्रथाही धोक्याची आहे.

शाळेच्या आवारात ही वेल लावू नये. मुलांना तिची ओळख मात्र अवश्य करून द्यावी. औषधासाठी रानातील कंद खणून नेल्याने वेल विरळ होते. ग्रामपंचायतींनी तिला रानातच अभय द्यावे.