डोंगरउतार ते गच्ची : शहर थंड करणारे आभाळ

अलाहाबादेत यंत्राशिवाय बर्फ कसा जमवतात, याचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, तळाशी वाळका ऊस किंवा मक्याची ताटे पसरायची, त्यावर मातीची उथळ भांडी मांडायची आणि संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतायचे. हिवाळ्यातल्या निरभ्र, शांत रात्री पहाटेपर्यंत भांड्यांत बर्फाचा थर धरत असे. हवेचे तापमान गोठणबिंदूच्या थोडे वर असले तरी बर्फ जमे. मात्र आभाळ भरून आले किंवा वारा सुटला की मेहनत वाया जाई.

या बर्फाचा उलगडा डॉ. विल्यम वेल्स यांनी दवावरच्या 1814 च्या निबंधात केला. प्रत्येक वस्तू अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. आपल्या भोवतालच्या तापमानाला हे किरण साधारण 10 मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असतात, आणि नेमक्या 8 ते 13 मायक्रॉनच्या पट्ट्यात कोरडी, स्वच्छ हवा त्यांना फारशी अडवत नाही. त्यामुळे ही उष्णता वातावरण ओलांडून थेट अंतराळात जाते. अंतराळाचे तापमान उणे 270 अंशांच्या आसपास आहे. म्हणजे रोज रात्री आपल्या डोक्यावर एक प्रचंड थंड जागा उघडी असते, आणि ती वापरायला वीज लागत नाही.

शहरे थंड ठेवण्याच्या आजच्या संशोधनाचा मोठा भाग या एकाच तत्त्वावर उभा आहे. एसी घरातली उष्णता नाहीशी करत नाही. ती बाहेर रस्त्यावर टाकतो आणि वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता तिच्यात मिळवतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2018 च्या अहवालानुसार जगातली सुमारे 10 टक्के वीज एसी आणि पंख्यांवर खर्च होते, आणि तेव्हा 160 कोटी असलेले एसी 2050 पर्यंत 560 कोटींवर जातील. एवढी उष्णता गल्लीत टाकून गल्ली राहण्याजोगी उरणार नाही. ती आभाळाकडे पाठवण्याची सोय करावी लागेल.

उतारावरून येणारी हवा

ही सोय जमिनीच्या रचनेपासून सुरू होते. सूर्य मावळला की मोकळे, गवताळ डोंगरउतार आभाळाकडे उष्णता टाकून झपाट्याने निवतात. त्यांना लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि घळी-ओढ्यांच्या वाटेने खाली शहरात उतरते. जर्मनीतले श्टुटगार्ट शहर या हवेवर जगते. डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत ते वसले आहे आणि तिथे वारा मुळातच मंद. 1938 पासून या शहराच्या प्रशासनात हवामानतज्ज्ञ काम करत आहेत. गार हवेच्या वाटा नकाशावर आखलेल्या आहेत, त्यांच्यावरची बांधकामे मर्यादित ठेवली जातात आणि 2008 मध्ये संपूर्ण परिसराचा हवामान नकाशासंग्रहच प्रसिद्ध झाला.

अशा वाटा शोधायच्या तर जमिनीचा नकाशा फार बारीक हवा. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने 11 दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीवरच्या सुमारे 80 टक्के जमिनीची उंची मोजली. त्या माहितीने भूगोलाचे काम बदलले. पण रडारला शहरात बहुतेक ठिकाणी छपरे दिसली आणि रानात झाडांचे शेंडे. लिडार या लेझर-मोजणीने ही अडचण दूर केली. विमानातून किंवा ड्रोनमधून सोडलेल्या लेझर-स्पंदाचा काही भाग पानांवरून परततो आणि उरलेला फटींतून जमिनीपर्यंत जाऊन येतो. पहिल्या आणि शेवटच्या प्रतिध्वनीतला फरक म्हणजे झाडाची उंची. या मोजणीतून उघड्या जमिनीचा एक आणि इमारती-झाडांसह दुसरा, असे दोन नकाशे तयार होतात.

या दोन नकाशांवरून संगणक दोन गोष्टी काढतो. रात्री गार हवा कोणत्या वाटेने, किती जाडीच्या थरात वाहील, ही पहिली. जर्मन हवामान सेवेची ‘क्लाम 21’ ही संगणकप्रणाली याच कामाची. दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येक बिंदूवरून किती आभाळ दिसते. उंच इमारतींच्या अरुंद गल्लीत आभाळाची चिंचोळी पट्टीच दिसते. भिंतींनी टाकलेली उष्णता समोरच्या भिंतींवर पडत राहते आणि मध्यरात्रीनंतरही गल्ली तापलेली राहते.

भरदुपारची गार गच्ची

रात्रीचे हे गणित दिवसा बिघडते. छत आभाळाकडे जेवढी उष्णता टाकते, त्याच्या कितीतरी पट ऊन त्यावर पडते. भर उन्हात वस्तू हवेपेक्षा गार ठेवायची, तर जवळपास सगळे ऊन परतवावे लागेल आणि त्याच वेळी 8 ते 13 मायक्रॉनच्या पट्ट्यात भरपूर उष्णता टाकावी लागेल. 2014 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आस्वथ रामन आणि शानहुइ फान यांच्या गटाने हे करून दाखवले. चांदीच्या पातळ थरावर हाफ्नियम ऑक्साइड आणि सिलिकाचे एकूण सात थर देऊन केलेला त्यांचा पृष्ठभाग 97 टक्के ऊन परतवत होता. भर उन्हात तो हवेपेक्षा 4.9 अंशांनी गार राहिला.

असे थर बसवणे महाग पडते, म्हणून पुढचा शोध स्वस्त साहित्याचा. 2017 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाने काचेचे सूक्ष्म गोळे मिसळलेली प्लास्टिकची पातळ फिल्म केली. 2021 मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या शिउलिन रुआन यांच्या गटाने बेरियम सल्फेटचा 98.1 टक्के ऊन परतवणारा रंग तयार केला. बाजारातले पांढरे रंग साधारण 80 ते 90 टक्केच परतवतात. स्टॅनफर्डच्या गटाने 2017 मध्ये अशा पृष्ठभागाखालून पाणी खेळवले आणि ते हवेपेक्षा 5 अंशांपर्यंत गार झाले. हे पाणी एसीच्या कंडेन्सरला दिले, तर लास वेगाससारख्या कोरड्या शहरातल्या दुमजली कार्यालयाची गारव्यावरची वीज 21 टक्के वाचेल, असा त्यांचा संगणकीय अंदाज होता.

आपल्याकडचे गणित

‘कोरडे शहर’ ही अट महत्त्वाची आहे. बाष्पाने भरलेली हवा अवरक्त किरणे शोषते आणि आभाळाची वाट अर्धवट बंद करते. म्हणून या तंत्राचा पुरा लाभ सोलापूर, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात मिळेल. मुंबई-पणजीच्या दमट हवेत तो कमी होईल. मात्र पांढऱ्या छताचे पहिले काम, म्हणजे ऊन परतवणे, दमट हवेतही चालूच राहते. गच्चीवर चायना मोझॅक बसवण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीत हाच फायदा आहे. अडचण धुळीची आणि पावसाळ्यातल्या शेवाळाची. पांढरे छत दरवर्षी धुतले नाही, तर त्याचा गुण उतरत जातो.

सर्वांत मोठी गरज आहे ती पत्र्याच्या घरांना. तिथे एसी परवडत नाही आणि दुपारी पत्रा अक्षरशः भाजतो. 2010 च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छते पांढरी करण्याची मोहीम त्यात आणली. तेलंगणाने 2023 मध्ये शीत छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर करून 2028 पर्यंत 300 चौरस किलोमीटर छतांचे उद्दिष्ट ठेवले. 2019 च्या राष्ट्रीय शीतन कृती आराखड्यातही 2037-38 पर्यंत गारव्याची मागणी 20 ते 25 टक्क्यांनी कमी करायचे ठरले आहे.

डोंगरउतारांचा धडा पुण्याला थेट लागू पडतो. शहर साधारण 560 मीटर उंचीवर, तर वेताळ टेकडीचा माथा सुमारे 800 मीटरवर. टेकड्यांवरच्या बांधकामाचा वाद निघाला की चर्चा झाडे, पक्षी आणि भूजलाभोवती फिरते. रात्री या उतारांवरून खाली येणाऱ्या गार हवेचा हिशेबही त्यात धरला पाहिजे, कारण उतार आणि नाले एकदा बांधकामाने अडले की ती वाट कोणत्याही रंगाने परत मिळणार नाही.

तेव्हा नवा एसी घेण्याआधी गच्ची धुऊन तिला पांढरा रंग द्या. खोलीचा भार कमी झाला, तर एसी लहान क्षमतेचाही पुरेल. आणि महापालिका विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवेल, तेव्हा एक प्रश्न लेखी विचारा : या नकाशात हवेच्या वाटा कुठे दाखवल्या आहेत?