अंगातले यंत्र आणि हातातले यंत्र

तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातील गोष्ट आहे. शाळा नुकतीच सुरू झाली होती. आपल्या वसतिगृहाचा नियम जुना व साधा आहे. पालकांनी मुलाजवळ मोबाईल दिलाच असेल, तर तो अधीक्षकांच्या कपाटात जमा करायचा आणि रविवारी दुपारी घरी बोलण्यापुरता परत घ्यायचा. त्या संध्याकाळी पाचवीत नव्याने दाखल झालेल्या मुलांची रांग कार्यालयाबाहेर लागली होती. रांगेतील एका मुलाच्या उजव्या कानामागे करड्या रंगाचे एक लहानसे यंत्र होते आणि त्यातून निघालेली तार केसांत चिकटलेल्या एका चकतीपर्यंत गेली होती. अधीक्षकांनी वहीतून मान वर न करताच म्हटले, ‘‘तो हेडफोनही ठेव इथे.’’ मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त कानावर हात ठेवला. मागे उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांनी हळू आवाजात सांगितले, ‘‘साहेब, ते काढलं तर त्याला तुमचं बोलणं ऐकू येणार नाही. तो त्याचा कान आहे.’’

अधीक्षक ओशाळले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला आत बसवले, आणि रांग पुढे सरकली. नोंदणीच्या कामात मदत करण्यासाठी मी तेथेच होतो. ‘तो त्याचा कान आहे’ हे वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. कपाटात त्या दिवशी तीस-चाळीस यंत्रे गेली आणि एक गेले नाही. दोहोंतही तीच सिलिकॉनची चकती, तीच बॅटरी, तीच आज्ञावली. मग एक वस्तू ठरते आणि दुसरे अवयव ठरते, ते कशामुळे?

माणूस आणि यंत्र एकमेकांत मिसळत चालले आहेत, असे हल्ली वारंवार ऐकू येते. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. ‘सायबोर्ग’ हा शब्द 1960 साली मॅनफ्रेड क्लाइन्स व नेथन क्लाइन या दोन शास्त्रज्ञांनी अंतराळप्रवासाविषयीच्या एका लेखात घडवला. त्याच्या दोन वर्षे आधी, 8 ऑक्टोबर 1958 रोजी, स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात हृदयाचे ठोके सांभाळणारा पहिला पेसमेकर बसवण्यात आला होता. ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. परंतु लार्सन पुढे आयुष्यात एकामागून एक सव्वीस पेसमेकर वापरून 2001 पर्यंत जगले. यंत्र घडवणारे अभियंते आणि शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद या दोघांच्याही मागे ते हयात होते. आज आपल्या गावागावांत पेसमेकर बसवलेले आजोबा पारावर बसलेले दिसतात. त्यांना यंत्रमानव म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

पेसमेकरला मात्र काही शिकावे लागत नाही, आणि आजोबांनाही नाही. कानाची गोष्ट वेगळी आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

आवाज म्हणजे हवेतील कंप. तो कानाच्या पडद्यावर आदळतो, तेथून तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून आतल्या कानात पोहोचतो. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची एक नळी असते, तिला कर्णावर्त म्हणतात. ती द्रवाने भरलेली असते आणि तिच्या अस्तरात सुमारे 15,000 सूक्ष्म रोमपेशी असतात. द्रव हलला की या पेशींचे केस वाकतात, आणि त्या वाकण्यातून विजेचा संदेश श्रवणतंतूंमार्फत मेंदूकडे जातो. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर टिपतात, आतल्या टोकाकडच्या पेशी खर्जातले. म्हणजे पेटीच्या पट्ट्या वेटोळे करून ठेवल्यासारखी ही रचना आहे. जन्मतःच या रोमपेशी निकामी असतील किंवा पुढे आजाराने मेल्या, तर त्या पुन्हा उगवत नाहीत. श्रवणतंतू शाबूत असतात, पण त्यांच्यापर्यंत संदेश पोहोचवणारे कोणी उरत नाही. अशा वेळी आवाज मोठा करणारे साधे श्रवणयंत्र उपयोगी पडत नाही.

कॉक्लिअर इम्प्लांट ही उणीव वळसा घालून ओलांडते. कानामागच्या यंत्रातील मायक्रोफोन आवाज घेतो. त्यातील लहानसा संगणक त्या आवाजाचे स्वरांप्रमाणे तुकडे पाडतो. केसांतली चकती लोहचुंबकाने डोक्याला धरून राहते आणि कातडीतून, कोठेही भोक न पाडता, आत बसवलेल्या भागाकडे संकेत पाठवते. तेथून इलेक्ट्रोडची एक बारीक माळ कर्णावर्तात सोडलेली असते. त्या माळेवर साधारण बारा ते बावीस बिंदू असतात. पंधरा हजार रोमपेशींचे काम जेमतेम बावीस बिंदूंनी करायचे, हे ऐकल्यावर ते यशस्वी कसे होते याचेच नवल वाटावे.

1957 मध्ये पॅरिस येथे जुर्नो व एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूला विजेची चेतना देऊन पाहिली होती. पुढे लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी एकाच इलेक्ट्रोडचे यंत्र केले. अनेक इलेक्ट्रोडचे यंत्र करण्यात मोठा वाटा ऑस्ट्रेलियातील ग्रेअम क्लार्क यांचा. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येत असे. दुकानात गिऱ्हाइकांनी मोठ्याने बोलावे लागे आणि वडील संकोचून जात, हे त्या मुलाने पाहिले होते. इलेक्ट्रोडची माळ शंखाच्या वेटोळ्यात आतपर्यंत सरकवायची कशी, हा पेच त्यांना काही केल्या सुटत नव्हता. 1977 साली कुटुंबासह समुद्रकिनारी असताना त्यांनी एक शिंपला उचलला आणि त्यात गवताच्या काड्या घालून पाहिल्या. टोकाला मऊ व बुडाशी ताठ असलेले पाते अलगद वळत आत गेले. माळ तशीच बनवली गेली. 1 ऑगस्ट 1978 रोजी मेलबर्नमध्ये, मोटार अपघातात श्रवण गमावलेल्या रॉड सॉन्डर्स यांच्यावर ती शस्त्रक्रिया झाली.

येथवरची कहाणी यंत्राची झाली. मुलाची कहाणी यानंतर सुरू होते. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार आठवड्यांनी यंत्र प्रथम चालू करतात, आणि त्या क्षणी मुलाला ‘आई’ हा शब्द ऐकू येतो अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. मोठेपणी बहिरेपण आलेली माणसे सांगतात की आरंभी पत्र्यावर खडे पडल्यासारखे, शिट्ट्यांसारखे काहीतरी ऐकू येते. जन्मतः बहिऱ्या बालकाला तर आवाज म्हणजे काय हेच ठाऊक नसते. ते कित्येकदा दचकून रडते. मग श्रवणतज्ज्ञ प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची हे पुन्हापुन्हा जुळवतात, त्याला मॅपिंग म्हणतात. मग महिनोन्‌महिने वाचोपचार चालतात. दार वाजले की दाराकडे बोट दाखवायचे, भांडे पडले की भांडे दाखवायचे, एकच शब्द दिवसाकाठी शंभरदा म्हणायचा. मेंदूतील श्रवणाचा भाग पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक लवचिक असतो. तेवढ्या अवधीत त्याला आवाज मिळाला नाही तर तो दुसऱ्या कामाला जुंपला जातो. म्हणून ही शस्त्रक्रिया जितक्या लवकर होईल तितकी फलदायी ठरते, आणि म्हणूनच केंद्र सरकारच्या ‘ॲडिप’ योजनेत लहान वयाच्या मुलांना प्राधान्य आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था या कामाचे देशपातळीवर संयोजन करते.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या आईशी नंतर माझे बोलणे झाले. ती म्हणाली, ‘‘सर, मशीन सरकारनं दिलं. पण ऐकायला त्याला मी शिकवलं.’’ शेतमजुरी करून आल्यावर चुलीपाशी बसून तिने चार वर्षे ते काम केले होते. विज्ञानाच्या पुस्तकात मला जे सापडले नव्हते, ते त्या दोन वाक्यांत होते. यंत्र केवळ विजेचे ठिपके पुरवते. त्या ठिपक्यांचा शब्द करणे हे मुलाच्या मेंदूचे काम आहे. ते दुसरे कोणी त्याच्या वतीने करू शकत नाही. यंत्र अवयव झाले ते अंगात बसवल्यामुळे नव्हे, त्याच्यासाठी उपसलेल्या कष्टांमुळे.

आता रांगेतील बाकीच्या मुलांकडे वळू. तीही यंत्रासोबतच वाढली आहेत. पाळण्यात असताना त्यांच्या हाती पडदा आला, घास भरवताना समोर चित्रफीत होती. त्यांच्या अंगात काही बसवलेले नाही. तरीही फोन जमा करताना कित्येकांचा चेहरा अवयव काढून ठेवल्यासारखा होतो.

या बाबतीत माझी पिढी नाक वर करून बोलते, ते मला फारसे पटत नाही. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी तोंडपाठ होती. मला औटकी येत नाही आणि त्यावाचून माझे काही अडलेले नाही. लेखन हेसुद्धा एके काळी बाहेरून आलेले साधन होते. पाली तिपिटक कित्येक पिढ्या भाणक भिक्खूंच्या मुखात होते, आणि इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ते प्रथम ताडपत्रावर उतरले. पाठांतर त्यामुळे उणावले असेल, पण ग्रंथ वाचला. लिपी वाचण्यासाठी मेंदूत निसर्गाने वेगळी जागा ठेवलेली नाही. पहिलीतले मूल वर्षभर बाराखडी गिरवते, तेव्हा ती जागा तयार होते. म्हणजे अक्षरही कानामागच्या त्या यंत्रासारखेच आहे, आधी मागते आणि मग देते.

लंडनच्या टॅक्सीचालकांचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. परवाना मिळवण्यासाठी त्यांना सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात आणि त्यात तीन-चार वर्षे जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी 2000 साली दाखवले की मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा मागील अंश या चालकांमध्ये इतरांपेक्षा मोठा असतो. मग प्रश्न आला की असा मेंदू असलेलेच चालक होतात की काय? 2011 मध्ये त्यांनी व कॅथरिन वूलेट यांनी उमेदवारांचा प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर अभ्यास केला. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्याच मेंदूत ती वाढ दिसली. श्रम केले तेथे मेंदू वाढला. फोनमधील नकाशा याच्या नेमका उलट सौदा करतो. रस्ता तो देतो, शिकण्याचे श्रम मात्र वाचवतो. पन्नाशीतल्या माणसाने हा सौदा खुशाल करावा, कारण त्याचा मेंदू एकदा घडून गेलेला आहे. ज्याने अजून आपल्या तालुक्याचा नकाशा मनात काढलेला नाही, त्याच्या बाबतीत मला काळजी वाटते.

गेल्या वर्षी नववीच्या एका विद्यार्थ्याने ‘माझे गाव’ हा निबंध सुटीत घरच्या फोनवरून लिहून आणला. भाषा शुद्ध होती, अलंकार जागच्या जागी होते. गावाशेजारून संथ वाहणारी नदी होती, तिच्या काठी मंदिर आणि वडाचे झाड होते. त्याच्या गावाला नदी नाही. मार्चपासून तेथे टँकर येतो आणि त्याची आई दोन हंडे घेऊन रांगेत उभी असते, हे त्याने मला तोंडी, खाली मान घालून सांगितले. मी त्याला रागावलो नाही, कारण तो खोटे बोलला नव्हता. तो बोललाच नव्हता. टँकरच्या रांगेसाठी शब्द शोधताना जी दमछाक झाली असती, तीतूनच त्याची मराठी घडली असती. त्याने पुन्हा लिहिलेला निबंध दीड पानाचा होता, त्यात सात चुका होत्या, आणि तो मी जपून ठेवला आहे.

यंत्र जवळ घेण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो अंगातल्या यंत्रालाही चुकलेला नाही. ‘आर्गस-2’ नावाचे डोळ्यातील इम्प्लांट अमेरिकेत 2013 मध्ये मान्य झाले. त्याने अंध व्यक्तींना उजेड-अंधाराच्या करड्या आकृती दिसू लागत. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतले. 2019 मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले, पुढच्या वर्षी ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, आणि लोकांच्या डोळ्यांत अशी यंत्रे राहिली की ज्यांना दुरुस्त करणारे कोणी उरले नाही. ज्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे असा अवयव किती आपला, हा प्रश्न उद्या मेंदूत तारा बसवण्याची वेळ येईल तेव्हा अधिकच तीव्र होईल. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांना तो आजच भेडसावतो. शस्त्रक्रियेला मदत मिळाली, परंतु तार तुटली, चकती बिघडली की खर्च घरचा. पावसाळ्यातील दमट हवा हा त्या यंत्राचा मोठा शत्रू. पहिल्याच जुलैत ते दोनदा बंद पडले. बहिरेपणाला व्यंग न मानणारा, खुणांच्या भाषेतच आपले पूर्ण जग पाहणारा मोठा समाज आहे. यंत्रावर सारा भरवसा ठेवू नका, हे त्याचे म्हणणे मला त्या आठ दिवसांत नीट कळले.

त्या आठ दिवसांत वर्गातील मुलांनी स्वतःच काही खुणा ठरवल्या. जेवण, पुस्तक, गुरुजी आले, चेंडू दे. यंत्र दुरुस्त होऊन आले तरी त्या खुणा मोडल्या नाहीत, कारण रात्री त्यांची गरज पडते.

रात्री साडेनऊला दिवे मालवण्यापूर्वी तो यंत्र काढतो आणि ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवतो. ती डबी त्याच्याच फळीवर असते. मोबाईलच्या कपाटाला कुलूप आहे, डबीला नाही. मग सकाळपर्यंत तो पूर्ण शांततेत झोपतो. पहाटे साडेपाचची घंटा त्याला ऐकू येत नाही. शेजारच्या गादीवरचा मुलगा उठून त्याच्या पायाला दोनदा हात लावतो. तो उठतो, तोंड धुऊन येतो, केस कोरडे करतो, डबी उघडून यंत्र कानामागे अडकवतो, आणि चकती केसांत टेकवून क्षणभर तसाच उभा राहतो. बाहेर तोवर कावळे ओरडू लागलेले असतात.