ट्रान्सफर केस बदलून नेमके काय बदलते?

‘ट्रान्सफर बदलून घ्या, गाडी रणगाड्यासारखी ओढेल’ असा सल्ला फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या वर्तुळात फार सहज दिला जातो. ट्रान्सफर केसची कामे मुळात दोन. गिअरबॉक्समधून येणारी गती पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे वाटणे हे पहिले. ‘लो’मध्ये टाकल्यावर ती गती कमी करून त्या प्रमाणात टॉर्क वाढवणे हे दुसरे. इंजिनच्या शक्तीत तो काहीही भर घालत नाही, उलट गिअरच्या दातांत आणि तेलात थोडी खर्चच करतो. हे बहुतेकांना मान्य असते. वाद पुढे सुरू होतो: शक्ती तेवढीच राहिली तरी चाकावरचा टॉर्क वाढला, म्हणजे ओढही वाढलीच ना? उत्तर ‘नेहमी नाही’ असे आहे आणि ते मतावर सोडायची गरज नाही, कागदावर मांडता येते.

उदाहरण सुझुकीच्या एसजे४१३चे घेऊ. अमेरिकेत ती सामुराई म्हणून विकली गेली. आपली मारुती जिप्सी याच घराण्यातली. सामुराईच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफरची लो २.२६८ आणि ॲक्सलचे प्रमाण ३.७२७. तिन्हींचा गुणाकार जवळजवळ ३१ येतो. इंजिनचा कमाल टॉर्क सुमारे १०० न्यूटन-मीटर, म्हणजे घर्षणातले नुकसान बाजूला ठेवले तर चारही चाकांना मिळून ३,१०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क मिळतो. आता जमीन किती झेलू शकते ते पाहू. माणसे-सामानासह गाडी एक टनाची धरली, कोरड्या खडकावर घर्षणांक ०.७ धरला आणि टायरची त्रिज्या ३३ सेंटिमीटर घेतली, तर सुमारे २,३०० न्यूटन-मीटरला चाके घसरायला लागतात. चिखलात हा आकडा आणखी खाली येतो. म्हणजे कंपनीने दिलेला ट्रान्सफरच पकड सुटेपर्यंतचा टॉर्क देऊ शकतो, तोही वर काही शिल्लक ठेवून. मग बाजारात मिळणारी ४.१६ची लो बसवून कागदावरचा टॉर्क जवळजवळ दुप्पट केला, तरी चिखलात फिरणारे चाक फिरतच राहणार. तिथे कमतरता पकडीची असते, गिअरची नव्हे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. पैसे टायरवर किंवा डिफरन्शियल लॉकरवर घालवले असते तर गाडी बाहेर निघाली असती.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की कमाल टॉर्क फक्त मधल्या आरपीएमला मिळतो. इंजिन मंद चालत असताना तो बराच कमी असतो आणि दगडांवरून गाडी नेताना इंजिन मंदच ठेवावे लागते. आक्षेप अगदी बरोबर आहे, आणि कमी लोचा खरा उपयोग त्यातच दडलेला आहे. इंजिन ८०० आरपीएमवर असताना मूळ सामुराई पहिल्या लोमध्ये तासाला सव्वातीन किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाइतकी. ४.१६च्या लोने हाच वेग पावणेदोनच्या जवळ येतो. हा फरक मोठा आहे. ठोकळ्याएवढ्या दगडावर चाक चढवताना क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागत नाही, तो जळत नाही, आणि उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच गाडी धरून ठेवते. ट्रान्सफर बदलण्याचे समर्थन करायचे तर ते या मंदपणासाठी करावे, ताकदीसाठी नव्हे. ज्याची गाडी बहुतेक वेळ कच्च्या रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने जाते, त्याला हा मंदपणा वर्षात कितीदा लागेल, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

दुसरी समजूत टायरशी जोडलेली आहे. मोठे टायर घातल्यावर गाडी जड वाटू लागते, पाचवा गिअर नावापुरता उरतो आणि मालक म्हणतो, इंजिन दमले. इंजिन ठणठणीत असते. टायरने सगळे गिअर एकदम लांब केलेले असतात. सामुराईच्या २०५/७०आर१५ टायरचा व्यास सुमारे २६.३ इंच. त्याजागी साडेएकोणतीस इंचाचा टायर घातला तर चाकाच्या एका फेरीत गाडी बारा टक्के जास्त अंतर कापते. इथे एक गंमतशीर योग जुळतो. जुन्या एसजे४१०च्या ट्रान्सफरची हाय, म्हणजे नेहमीच्या रस्त्यावरचे प्रमाण, १.५८० आहे, ४१३ची १.४०९, फरक बरोबर बारा टक्क्यांचा. लोमध्ये २.५११ विरुद्ध २.२६८, म्हणजे साधारण अकरा टक्के. सुझुकीवाले ४१३ला ४१०चा ट्रान्सफर लावतात त्याला हा हिशेब आधार देतो. पण त्यातून गाडी मूळच्या स्थितीला परत येते, तिच्या पुढे जात नाही. मूळ मापाचेच टायर ठेवून हा बदल केला तर महामार्गावर इंजिन बारा टक्के जास्त ओरडेल, एवढीच कमाई. ट्रान्सफर बदलला की स्पीडोमीटर चुकतो, असेही म्हणतात. या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफरच्या आउटपुटकडून फिरते, म्हणून आतले प्रमाण बदलल्याने काटा चुकत नाही. चुकवतो तो टायर.

मग ॲक्सलमधलेच क्राउन आणि पिनियन का बदलू नयेत, असे कोणी विचारेल. बदलता येतात, आणि मोठ्या टायरवर तो उपाय जास्त सरळ आहे. फक्त ते पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलमध्ये एकाच प्रमाणात बदलावे लागतात. एकच बदलला तर फोर-व्हीलमध्ये टाकताक्षणी दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडायला लागतील. ट्रान्सफर एकदाच उघडावा लागतो. ४.१६ ते ६.५पर्यंतचे गिअर संच बाजारात मिळतात, ते हायपेक्षा लो कितीतरी अधिक खाली नेतात आणि रस्त्यावरच्या वापराला त्यांची झळ कमी बसते. त्यांची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ॲक्सलमध्ये प्रमाण वाढवले तर प्रोपेलर शाफ्टवरचा भार तेवढाच राहतो. ट्रान्सफरमध्ये वाढवले तर त्यापुढचे सगळे, म्हणजे शाफ्ट, त्याचे क्रॉस, पिनियन, पुढच्या चाकांचे जॉइंट, वाढीव टॉर्क सोसत राहतात. चाके घसरली तर तो भार सुटतो. दगडात अडकून घसरलीच नाहीत, तर सर्वांत कमजोर भाग तुटतो, आणि पुढच्या ॲक्सलवर तो बहुधा चाकाजवळचा जॉइंट असतो. ट्रान्सफर मजबूत केला म्हणजे गाडी मजबूत झाली, हा समज असा जंगलातच मोडतो.

‘फोर बाय फोरचा आहे ना, मग कोणताही बसतो’ हे वाक्य मात्र सर्वांत महागात पडते. सुझुकीत ट्रान्सफर गिअरबॉक्सपासून वेगळा, रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. म्हणून तिथे अदलाबदल तुलनेने सोपी. फ्लँजची छिद्रे, माउंटिंगच्या जागा आणि शाफ्टची लांबी जुळवली की झाले. जीप चेरोकी एक्सजेसारख्या गाडीत ट्रान्सफर थेट गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टने बसतो. तिथे इनपुट शाफ्टवरच्या स्प्लाइन जुळल्याच पाहिजेत. त्या एकाच मॉडेलमध्ये वर्षांनुसार कुठे २१ तर कुठे २३ आहेत, त्यामुळे बाहेरून हुबेहूब दिसणारा नग आत शिरतच नाही. शिवाय बाजू बघावी लागते. पुढच्या ॲक्सलचा डिफरन्शियलचा गोळा ज्या बाजूला, त्याच बाजूला ट्रान्सफरचा पुढचा आउटपुट हवा. विलीज घराण्यातल्या जीपमध्ये, म्हणजे महिंद्राने १९४७पासून मुंबईत जुळणी करून पुढे इथेच बनवलेल्या गाड्यांतही, तो उजवीकडे असतो, चेरोकीत डावीकडे. ही बाजू चुकली तर वेल्डिंगची कितीही कमाल उपयोगाची नाही.

चेरोकीवरूनच आणखी एक गैरसमज तपासता येतो. तिच्यात एनपी२३१ हा ट्रान्सफर काढून एनपी२४२ घालतात आणि ‘लो सुधारली’ असे सांगतात. दोन्हींची लो २.७२च आहे. फरक आहे तो २४२मधल्या सेंटर डिफरन्शियलचा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. २३१मध्ये, किंवा जिप्सीत, फोर-व्हील लावल्यावर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकत्र जखडले जातात, आणि कोरड्या डांबरावर हा फरक जायला वाट न मिळाल्याने सगळी यंत्रणा पिळली जाते. स्टीअरिंग जड होते, लिव्हर निघत नाही, टायर फरफटतात. २४२च्या फुल-टाइम स्थितीत सेंटर डिफरन्शियल तो फरक सोसतो, म्हणून ती डांबरावर वापरता येते. पावसाळी घाटात, जिथे रस्ता कधी ओला कधी कोरडा, ही सोय मोलाची आहे. ज्याला खडक चढायचे आहेत त्याने मात्र २४२कडून काही नव्या मंदपणाची आशा धरू नये. त्यासाठी जीपने २००३च्या रँग्लर रुबिकॉनमध्ये दिलेल्या एनव्ही२४१सारखा ४:१ लोचा ट्रान्सफर लागतो.

कित्येकदा तर बदलायची गरजच नसते. खाली आवाज आला, धक्का बसला की ट्रान्सफरवर ठपका येतो. सुझुकीत फाटलेले रबरी माउंटिंग किंवा झिजलेला क्रॉस नेमका असाच आवाज करतो, आणि तो भाग नव्या ट्रान्सफरच्या तुलनेत किरकोळ पैशांत येतो. चेन असलेल्या २३१मध्ये जोर लावताच येणारा कटकट आवाज बहुधा ताणलेल्या चेनचा असतो. केस तीच ठेवून चेन बदलता येते. आवाज दाबायला जाड तेल घालणे तर धोक्याचे. २३१ला ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे पातळ तेल लागते, सुझुकीच्या गिअरवाल्या ट्रान्सफरला गिअर ऑइल. दोन्हींची अदलाबदल करू नये.

तरीही बदलायचे ठरलेच, तर कायदाही बघावा लागतो. मोटार वाहन अधिनियम १९८८चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदलांना आडवे येते, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच कडक अर्थ लावला. त्याच नमुन्याचा नग दुरुस्ती म्हणून बसवणे वेगळे आणि वेगळ्या रचनेचा बसवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात आधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारावे. जुन्या बाजारातून नग घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यावरही भरवसा ठेवू नये. लिव्हर लोमध्ये टाकून आउटपुट फ्लँजवर खडूची खूण करावी, इनपुट हाताने फिरवावा आणि आउटपुटच्या दहा फेऱ्यांना इनपुटच्या किती लागतात ते मोजावे. तेवीसच्या किंचित आत आल्या तर लो २.२६८ची, पंचवीस पूर्ण होऊन थोडे पुढे गेले तर २.५११ची.