जोडी जुळवावी कोणी?

जुलै उजाडला की आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धांची पत्रके येऊ लागतात. दोघांची जोडी पाठवायची. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचे, दुसऱ्याने विरुद्ध. आणि दोघांचे गुण एकत्र धरून फिरता चषक द्यायचा. ही जोडी निवडण्याचे काम गेली पंधरा वर्षे माझ्या गळ्यात आहे. काम लहान, पण त्या मानाने शत्रू फार होतात! म्हणूनच २०१८ च्या फेब्रुवारीत दूरचित्रवाणीवर हिवाळी ऑलिंपिकमधला एक चमत्कारिक खेळ पाहत असता, तो खेळतात कसा यापेक्षा ही जोडी तिथवर पाठवली कोणी, याचाच विचार मी करीत बसलो.

खेळाचे नाव कर्लिंग. जात्याच्या तळीसारखा, जवळजवळ वीस किलो वजनाचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून हलकेच सोडायचा आणि पलीकडे आखलेल्या वर्तुळांच्या मध्याजवळ नेऊन थांबवायचा. वाटेतला बर्फ ब्रशने घासला की दगड अधिक लांब व अधिक सरळ जातो. मूळ खेळ चौघांचा. मिश्र दुहेरीत मात्र एक पुरुष आणि एक स्त्री एवढेच. सामना आठ डावांचा, दर डावात प्रत्येक जोडीचे पाच दगड. पहिला दगड ज्याने सोडला त्यानेच शेवटचा सोडायचा आणि मधले तीन दुसऱ्याने. चौघांच्या खेळात झाडायला दोन गडी मोकळे असतात. इथे दगड सोडणाराच पुष्कळदा चटकन उठतो, आपल्याच दगडापुढे धावतो आणि झाडू लागतो. घरात माणसे कमी असली म्हणजे जे होते तेच!

कॅनडात हा खेळ लहानसहान गावांतूनही खेळतात. तेव्हा जोडी निवडण्याचा पेच तिथेच सर्वांत बिकट असणार. मिश्र दुहेरीची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये फिनलंडमधील व्हिएरुमाकी येथे प्रथम भरली. सुरुवातीची काही वर्षे कॅनडाने सोपा मार्ग काढला. चौघांच्या मिश्र संघांची राष्ट्रीय स्पर्धा जो संघ जिंकेल त्यातलेच दोघे उचलायचे आणि धाडून द्यायचे. नाटक चांगले वठले म्हणून त्यातली दोन पात्रे वेगळ्याच नाटकात उभी करावीत, तसा हा प्रकार. २०१३ मध्ये अल्बर्टा प्रांतातल्या लेडूक गावी जोड्यांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि तेव्हापासून या विषयाला रंग चढला.

राष्ट्रीय स्पर्धेत शिरण्याचे जुने दार म्हणजे प्रांताचे. दहा प्रांत, तीन उत्तरेकडचे प्रदेश आणि उत्तर ऑन्टॅरिओ (ऑन्टॅरिओचा पसारा एवढा की खेळापुरती उत्तरेची चूल वेगळी मांडली आहे), अशा चौदा संघटनांच्या विजेत्या जोड्यांना इथून प्रवेश. पण मॅनिटोबा किंवा अल्बर्टा येथे एकाहून एक सरस अशा कितीतरी जोड्या, आणि त्यांतली एकच पुढे जाणार. उलट विरळ वस्तीच्या उत्तरेतूनही एक जाणारच. म्हणून दुसरे दार उघडले, ते गुणांचे. वर्षभरात ठिकठिकाणच्या स्पर्धांतून जोडीने जे गुण मिळवले असतील त्यांची राष्ट्रीय क्रमवारी लावायची आणि वरच्या जोड्यांना उरलेल्या जागा द्यायच्या. आपल्याकडे छत्तीस गुण जुळवून मग जोडी ठरवतात. तिथे आधी जोडी ठरते आणि मग ती गुण जमवीत हिंडते.

या दुसऱ्या दाराचा एक फायदा मला मान्य आहे. प्रांताच्या वेशीमुळे जे एकत्र येऊ शकले नसते, ते इथे येतात. २०२१ मध्ये कॅल्गरीला, साथीमुळे साऱ्या जगापासून तोडलेल्या मंडपात पस्तीस जोड्या खेळल्या. त्यांत जिंकली ती मॅनिटोबाची केरी आयनारसन आणि न्यूफाउंडलंडचा ब्रॅड गुशू यांची जोडी. दोघांच्या घरांमध्ये अर्धा देश पसरलेला. पण गुण जमवायचे तर हिंडावे लागते, हिंडायला पैसा लागतो आणि रजा लागते. नोकरी सांभाळून खेळणाऱ्या गावाकडच्या जोडीला प्रांताचेच दार परवडते. एक आठवडा चांगला खेळलात की आत! ते दार कधी बुजवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या २०१८ च्या जोडीकडे येतो. जॉन मॉरिसची ठरलेली जोडीदार होती रेचल होमन. पण डिसेंबर २०१७ मध्ये होमनच्या चौघींच्या संघाने ऑलिंपिकची निवड-स्पर्धा जिंकली, आणि तेव्हाच्या नियमाने एकीला दोन्हीकडे खेळता येईना. (पुढे हा नियम सैल झाला.) मॉरिसने ऐन वेळी केटलिन लॉजला बोलावले. दोघांपाशीही चौघांच्या खेळातले ऑलिंपिक सुवर्णपदक होते, पण जोडी म्हणून ती कधी खेळली नव्हती. जानेवारीत मॅनिटोबातील पोर्टेज ला प्रेअरी येथे निवड-स्पर्धा झाली. अठरा जोड्या उतरल्या, आणि ही तीन आठवड्यांपूर्वी जमलेली जोडी जिंकली. पुढे ऑलिंपिकमध्ये पहिलाच सामना नॉर्वेकडून हरली. अंतिम सामन्यात मात्र स्वित्झर्लंडला तिने १०–३ असे हरवले.

चार वर्षांनी याच्या उलटे घडले. साथ पुन्हा उसळल्यामुळे निवड-स्पर्धा ऐन वेळी रद्द झाली, आणि कर्लिंग कॅनडा या राष्ट्रीय संस्थेने २०२२ च्या जानेवारीत मॉरिस व होमन यांची नावे जाहीर केली. कागदावर याहून भक्कम जोडी दाखवा पाहू! बीजिंगला ती शेवटच्या साखळी सामन्यात इटलीकडून जादा डावात ८–७ अशी हरली आणि उपान्त्य फेरी हुकली. इटलीने पुढे सुवर्णपदक नेले, तेव्हा हरण्यात कमीपणा नव्हता. पण पोर्टेज ला प्रेअरीला जाण्यासाठी पात्र ठरून सामानाची बांधाबांध केलेल्या इतर जोड्यांचे काय? त्या हरल्याही नाहीत. त्यांचा एक दगडही बर्फावर सुटला नाही.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण त्याच वर्षी मीही असेच केले. सत्र उशिरा सुरू झाले, वेळ नव्हता. निवड-फेरी न घेता आदल्या वर्षी बक्षिसे मिळवलेल्या दोघांना मी परस्पर पाठवले. दोघे उत्तम बोलत, पण एकमेकांचे ऐकत नसत. चषक आला नाही. त्याची खंत नाही. दुसऱ्या दिवशी द्वितीय वर्षाचा एक मुलगा प्राध्यापक-कक्षाच्या दाराशी उभा राहिला. चार महिने मैत्रिणीबरोबर तयारी केलेली वही त्याच्या हातात होती.

"सर, आमचं ऐकलं असतंत आणि मग नको म्हणाला असतात, तर चाललं असतं."

मला उत्तर सुचले नाही. वेळ नव्हता, एवढेच मी पुटपुटलो.

कॅनडाची निवड-स्पर्धा पुढच्या खेपेला रीतसर झाली. नोव्हा स्कॉशियातील लिव्हरपूल येथे, २०२५ च्या जानेवारीत, जोसलिन पीटरमन आणि ब्रेट गॅलंट या पतिपत्नींनी ती जिंकली. आमच्याकडेही आता निवड-फेरी चुकत नाही. गेल्या जुलैत सतरा जोड्या आल्या. सकाळी दहाला बसलो तो दिवेलागणीला उठलो. चहाचा खर्च महाविद्यालयाने अद्याप मंजूर केलेला नाही.