वाटपाचा दिवस आणि उरलेले वर्ष

जागतिक अपंग दिनाच्या, म्हणजे डिसेंबरच्या 3 तारखेच्या, आगेमागे मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, जिंतूरचाच दाखला घ्यावयाचा तर तेथील एखाद्या मंगल कार्यालयाच्या आवारात, मांडव उभारला जातो, तीनचाकी सायकली आणि कुबड्या ओळीने मांडल्या जातात, पाहुण्यांच्या आगमनास नेहमीप्रमाणे विलंब होतो, आणि ज्यांच्याप्रीत्यर्थ हा सारा थाट त्या मंडळींना सकाळपासून दुपारपर्यंत तिष्ठत बसावे लागते. परंतु दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्र तेवढे येते, आणि त्या छायाचित्रावरून अपंगांसाठी झटणाऱ्या धर्मादाय संस्थेचे सालाबादचे काम म्हणजे हे वाटप होय, असा ग्रह सुशिक्षितांचाही होऊन बसतो. या एका गैरसमजाच्या पोटी इतर अनेक गैरसमज जन्मास आले आहेत. म्हणून त्याचाच समाचार प्रथम घेणे इष्ट.

वस्तुस्थिती अशी की, वाटपाचा दिवस हा कामाचा आरंभ नव्हे आणि शेवटही नव्हे. केंद्र सरकारच्या ज्या योजनेतून असे साहित्य मिळते ती 1981 पासून, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी पाळलेल्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षापासून, चालू आहे. आणि ज्या कारखान्यातून त्यातील बहुतांश साहित्य येते तो कानपूरचा कृत्रिम अवयव निर्मितीचा सरकारी कारखाना 1972 साली स्थापन झाला. त्याची शिबिरे दोन टप्प्यांत होतात: पहिल्यात तपासणी व मोजमाप, दुसऱ्यात प्रत्यक्ष वितरण. मधल्या काळात अर्जासोबतचे कागद पुरे आहेत की नाहीत हे पाहणे, चारठाणा, बोरी, येलदरी यांच्या आसपासच्या खेड्यांतून कोणास कोणत्या दिवशी आणावयाचे याची यादी करणे, आणि ज्यास आणणारे घरात कोणी नाही त्याच्या येण्याजाण्याची तजवीज करणे, ही कामे ज्यांच्या अंगावर पडतात त्यांना मांडवात खुर्ची असतेच असे नाही. जिंतूरला रेल्वे नाही. परभणीस जावयाचे तर एस.टी. किंवा खाजगी वाहन. एस.टी.च्या भाड्यात अपंगास 75 टक्के सवलत आहे हे खरे, परंतु बसच्या पायऱ्या सवलतीने उतरत नाहीत.

दुसरा गैरसमज असा की, साहित्य सर्वांस सारखेच उपयोगी पडते. हाताने चालवावयाची तीनचाकी ज्याच्या दोन्ही हातांत बळ आहे त्यालाच उपयोगी. पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या मनुष्यास ती देणे म्हणजे दारात लोखंड ठेवून जाणे होय. मणक्याच्या इजेमुळे ज्याच्या कमरेखालची संवेदना गेली आहे त्यास चाकाच्या खुर्चीबरोबर योग्य गादी न दिल्यास आणि थोड्या थोड्या वेळाने अंग उचलावयास न शिकविल्यास, एकाच जागी दाब पडून व्रण होतात, ते त्याला कळत नाहीत, आणि कळतात तेव्हा प्रकरण हाडापर्यंत गेलेले असते. कर्णयंत्राचेही तेच: कानाच्या मापाचा साचा नसेल तर ते शिटी मारते, घटमाला संपली की मुके होते, आणि लहान मुलाच्या बाबतीत वाचा-उपचाराची जोड नसेल तर आवाज ऐकू येऊनही भाषा येत नाही.

परंतु सर्वांत दृढमूल समज कृत्रिम पायाविषयीचा आहे. ‘जयपूर फूट’ एकदा बसविला की आयुष्याची ददात मिटली, असे लोक मानतात. आणि या पायाची कीर्तीच अशी आहे की, त्यांना दोष देववत नाही. 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या अस्थिशल्यविशारदाने हा पाय सिद्ध केला, डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार लाभला, आणि ज्यांचे शालेय शिक्षणही बेताचेच झाले होते त्या शर्मांचे नाव पुष्कळांच्या कानावरही आले नाही. 1969 सालच्या मोटार अपघातात स्वतःचा पाय जवळजवळ गमावून बसलेले सनदी अधिकारी डी. आर. मेहता यांनी 1975 साली भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली, आणि तेव्हापासून हे पाय विनामूल्य बसविले जाऊ लागले. विलायती बनावटीच्या पायाला बूट अपरिहार्य होता. त्यावर मांडी घालून बसता येत नसे की उकिडवे होता येत नसे. रबर आणि लाकूड यांच्या संयोगाने घडविलेल्या या पायाने अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते, बांध ओलांडता येतो. कापसाच्या आणि सोयाबीनच्या काळ्या जमिनीत ज्याचे सारे जीवित आहे त्या जिंतूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने या गुणाचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको.

तथापि तो पाय आहे वस्तूच. काळ्या मातीत आणि मुरमाड पाऊलवाटांवर रोज झिजणारी ही वस्तू साधारणतः तीन वर्षांच्या आसपास बदलावी लागते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर उरलेला अवयव पहिले कित्येक महिने आक्रसत असतो, त्यामुळे सुरुवातीस घट्ट बसलेली खोबण ढिली पडते, कातडी सोलवटते, आणि मनुष्य पाय काढून खुंटीस टांगून ठेवतो. मुलाच्या बाबतीत हाड वाढत राहिल्याने दर वर्षी नवे माप घ्यावे लागते. सरकारी योजनेनेही ही गोष्ट ओळखली आहे, म्हणूनच प्रौढास तीन वर्षांनी, आणि बारा वर्षांखालील मुलास एका वर्षाने, पुन्हा साहित्य मागता येते. म्हणजे यंदा शंभर पाय बसविणाऱ्या संस्थेने पुढील वर्षी एकही नवा पाय न बसविता केवळ त्या शंभरांची विचारपूस, दुरुस्ती आणि बदल एवढेच केले, तरी ते वर्ष वाया गेले असे म्हणता येणार नाही. दुर्दैवाने अहवालाच्या मुखपृष्ठावर नव्या पायांचा आकडा झळकतो, दुरुस्तीचा आकडा आतल्या पानावरही मिळणे कठीण.

दाखल्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण संस्थेच्या दारात सर्वाधिक रुसवेफुगवे त्यावरूनच होतात. अपंगत्वाचा दाखला संस्था देत नाही, तहसील कचेरीही देत नाही. तहसीलदारांकडून मिळतो तो उत्पन्नाचा. अपंगत्वाची टक्केवारी अधिकृत रुग्णालयातील वैद्यकीय मंडळ ठरविते, तिच्यावरून देशभर चालणारे ओळखपत्र मिळते, आणि त्या पत्रावरील पट्टीचा रंग, 40 टक्क्यांखाली पांढरा, 40 ते 79 पर्यंत पिवळा आणि त्यावर निळा, पाहून बहुतेक योजनांचा दरवाजा उघडतो किंवा बंद होतो. ओळखपत्र हाती आले की दरमहा रक्कम आपोआप सुरू होते, हाही भ्रमच. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो, त्यास उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि मंजुरी मिळाल्यावरही दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर जिवंत मनुष्याचे नाव यादीत निपचित पडते. ते पुन्हा उठवून बसविण्यासाठी कचेरीचे उंबरे झिजविणे हे संस्थेच्या कार्यकर्त्यांचे एक बारमाही काम आहे. तसेच ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सर्वांनी आणि नगरपरिषदेनेही स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा राज्यात दंडक आहे. ती रक्कम मार्चअखेरपर्यंत पडून राहू नये म्हणून लेखी पाठपुरावा करणारे कोणी तरी गावात असावे लागते.

आता पैशाविषयी. ‘दिलेल्या देणगीची पै न् पै गरिबाच्या हाती पडली पाहिजे’ हे वाक्य ऐकावयास उदात्त वाटते, पण माप घेणाऱ्या तंत्रज्ञाचे वेतन, भौतिकोपचार करणाऱ्याचा प्रवासखर्च आणि दप्तर सांभाळणाऱ्या कारकुनाचा पगार यांस जर अपव्यय मानावयाचे, तर उरते ती केवळ वस्तूंची वखार. सार्वजनिक विश्वस्त संस्थांविषयीच्या 1950 सालच्या कायद्यानुसार जमाखर्चाची दर वर्षी लेखापरीक्षकाकडून तपासणी होऊन ताळेबंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल व्हावा लागतो, विश्वस्त बदलले तर फेरफाराचा अहवाल नव्वद दिवसांत द्यावा लागतो. ज्यास शंका असेल त्याने हा ताळेबंद मागावा. शंका कुजबुजत राहण्यापेक्षा ते अधिक शोभते.

अपंगांना सांभाळावयाचे असते, त्यांच्याकडून संस्था चालत नसतात, हा समज तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आयुष्यानेच खोडून काढला आहे. वयाच्या सोळाव्या वर्षी कमरेखालचा भाग निकामी झालेल्या या बाईंनी 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली; मुलांसाठी वसतिगृह, शाळा, आणि सिंधुदुर्गात अपंगांनीच चालवावयाचा काजूप्रक्रियेचा उद्योग हे तिच्या कामाचे स्वरूप पाहिले म्हणजे वाटपाचा मांडव किती अपुरा आहे हे ध्यानात येते.

अलीकडे आणखी एक समजूत पसरते आहे की, पोलिओ गेला, आता या संस्थांना काम उरणार नाही. देशातील शेवटचा पोलिओग्रस्त रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यास आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त ठरला, हे निर्विवाद. परंतु 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे जे सात प्रकार होते ते 2016 च्या कायद्याने एकवीस झाले. त्यात स्वमग्नता आली, थॅलेसेमिया आणि सिकलसेल आले, कंपवात आला, आम्लहल्ल्याने विद्रूप झालेल्यांचाही समावेश झाला. पाय जातो तो आज मधुमेहाने, रस्त्यावरील अपघाताने. हात जातो तो मळणीयंत्रात. आणि पोलिओ गेला तरी पोलिओ झालेली माणसे गेलेली नाहीत: लहानपणी ज्यांनी लोखंडी कॅलिपर बांधून शाळा गाठली त्यांतील पुष्कळ आज पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि इतकी वर्षे जादा भार वाहिलेले त्यांचे स्नायू नव्याने दुबळे होऊ लागल्याने, ज्यांचे नाव संस्थेच्या खतावणीत कधीच निकाली निघाले होते ती मंडळी पुन्हा माप देण्यासाठी येऊ लागली आहेत.