मान खाली घालून

पहाटे पावणेचार. ब्रिस्टलमध्ये या वेळी फक्त दूधवाले आणि रॅलीवाले जागे असतात. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या. रेसिंग सूट घालून एका हाताने खाता येईल आणि कागदावर सांडणार नाही असा पदार्थ शोधायला मला दोन सीझन लागले. बॅगेत हेल्मेट, दोन पेन्सिली, खोडरबर, दोन घड्याळं आणि वळणांच्या नोट्सची स्पायरल वही. बाकी सगळं विसरलं तर उसनं मिळतं. वही मिळत नाही.

मी को-ड्रायव्हर. गाडी प्यूजो १०६, सोळाशे सीसीची, आतलं सगळं सोलून लोखंडी पिंजरा बसवलेली. ती चालवणारा आठवडाभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो. मी आठवडाभर स्प्रेडशीट्स बघते. सर्व्हिसला त्याचे वडील आणि त्यांचा शेजारी. एवढीच आमची टीम.

सहा. एपिंट. वेल्समधला हा उघडा डोंगर लष्कराच्या ताब्यात आहे, आणि म्हणूनच इथे रॅली होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक रस्ता बंद करून शर्यत लावायला कायद्याने बंदी होती. ती इंग्लंडमध्ये २०१७ साली उठली, वेल्समध्ये २०१८ साली. त्याआधी ज्याला डांबरावर पळायचं असेल त्याने आयर्लंडला किंवा आइल ऑफ मॅनला जावं, नाहीतर जुन्या विमानतळाची धावपट्टी किंवा असली लष्करी जागा गाठावी. धावपट्टीवर पळणं म्हणजे मैदानात गवताचे भारे मांडून घाट खेळणं. एपिंटला खरे चढउतार आहेत, खरी आंधळी वळणं आहेत आणि गाडीपुढे येणारी खरी मेंढरंही आहेत.

साडेसहा, गाडीची तपासणी. रांगेत पाऊण तास, तपासणी सात मिनिटं. पट्ट्यांवरची मुदतीची तारीख (ती उलटली की पट्टे बाद, कितीही नवे दिसोत), हेल्मेटवरचा शिक्का, मान धरून ठेवणारी चौकट, अग्निशामक, बाहेरून वीज तोडायचं बटण, टो हूक. शिवाय एक पुठ्ठा, एका बाजूला ओके, दुसऱ्या बाजूला एसओएस. गाडी आपटली की यातली एक बाजू मागून येणाऱ्याला दाखवायची. तो कुठे ठेवला आहे हे तपासनीस मलाच विचारतात. मी डोळे मिटून हात लावून दाखवते.

आठ वाजता टायर. मी नाशिकची. लहानपणी गावाबाहेर जाऊन रॅली बघितली आहे ती मातीवरची: धुरळा, उडणारे दगड, शेपूट झुलवत जाणाऱ्या जिप्सी. मातीवर गाडी सतत घसरत असते, म्हणून घसरणं हाच तिचा सरळ मार्ग. डांबराचं तसं नाही. डांबर धरून ठेवतं, धरून ठेवतं आणि एका क्षणी काही न सांगता सोडून देतं. सोडतं केव्हा हे ठरतं टायरच्या रबरावरून. कडक रबर तापलं तरच चिकटतं, आणि आमची हलकी गाडी ते तापवूच शकत नाही. मऊ रबर लवकर तापतं, पण रस्ता कोरडा असेल तर दुपारपर्यंत उडून जातं. वर ढग, खाली ओल, मधूनच ऊन. ड्रायव्हर म्हणतो मऊ. त्याचे वडील म्हणतात मधलं. शेजारी म्हणतो, “पाऊस येतोय, गुडघा सांगतोय.” मऊ लावले. हवेचा दाब वडिलांनी चार वेळा मोजला, मी वहीच्या पाठीवर लिहिला.

सव्वानऊ. आमचा नंबर ८१, म्हणजे वेगवान ऐंशी गाड्या आमच्या पुढे. टाइम कार्ड हातात. स्टेजच्या, म्हणजे घड्याळ लावून पळायच्या टप्प्याच्या, आधीच्या चौकीवर माझी वेळ ९:२१. म्हणजे कार्ड ९:२१ लागल्यावरच द्यायचं. एक मिनिट आधी दिलं तर एक मिनिट दंड, एक मिनिट उशिरा दिलं तर दहा सेकंद. लवकर येणाऱ्याला जास्त शिक्षा करणारी दुसरी संस्था मला माहीत नाही.

मग पिवळं जाकीट घातलेल्या मार्शलची पाच बोटं काचेसमोर. चार, तीन, दोन, एक.

“१००, लेफ्ट फोर ओव्हर क्रेस्ट, ६०, राइट थ्री टाइटन्स, डोन्ट कट.”

आकडा वळणाचा: एक म्हणजे जवळजवळ वळून उभं राहणं, सहा म्हणजे ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता. मधले आकडे अंतराचे. “टाइटन्स” म्हणजे वळण पुढे आवळत जातं, “डोन्ट कट” म्हणजे आतली कड कापू नको. इथे आधी येऊन सराव करायची मुभा नसते. तयार नोट्स विकत घ्यायच्या, जुने व्हिडिओ बघून दुरुस्त करायच्या. बुधवारी रात्री मी सोफ्यावर बसून हा डोंगर अकरा वेळा पार केला. आता वाचायचं ते चालू वळण नाही, पुढचं. ड्रायव्हरच्या कानात ते शब्द पडतात तेव्हा आधीचं वळण अजून अंगावर असतं. मी वर बघत नाही. गाडी कुठे आहे ते सीटखालून कळतं: वजन उजवीकडे गेलं, ओळ संपली, पोट हललं, चढाचा माथा गेला. पोरीच्या जातीने मान खाली घालून जावं असं आजी म्हणायची. मी ताशी नव्वद मैलांनी जाते.

वहीत एक शब्द मराठी आहे. गेल्या वर्षी धुक्यात माझ्या तोंडून “हळू!” निघालं आणि त्याने विचार न करता ब्रेक दाबला. “डोन्ट कट”पेक्षा लहान, आणि इंग्रजी गोंगाटात वेगळा ऐकू येतो. आता पाच जागी तो लाल शाईत लिहिला आहे.

साडेदहाला दुसरी स्टेज. झाली.

बारा, सर्व्हिस. अर्ध्या तासात चाकं काढून बघायची, पेट्रोल भरायचं, पुऱ्या खायच्या. वडिलांनी एक पुरी खाल्ली आणि काही न बोलता दुसरी उचलली. मी इतर को-ड्रायव्हरांकडे जाऊन चौकशी केली, कारण दुपारी रस्ता सकाळचा राहत नाही. पुढच्या ऐंशी गाड्यांनी वळणांची आतली कड कापलेली असते, आणि प्रत्येकीने थोडी थोडी माती ओढून डांबरावर आणलेली असते. पहिल्या नंबराला स्वच्छ रस्ता, आम्हाला सारवलेलं अंगण. वहीत सात ठिकाणी “चि” लिहिलं. चिखल.

पावणेदोन, चौथी स्टेज. इथे चूक माझी. पाऊस आला, काचा उघड्या, अंगठा ओला, दोन पानं चिकटून उलटली. मी “राइट फाइव्ह” म्हणाले आणि गाडी डावीकडे वळली. पुढची चार वळणं मी गप्प. गप्प को-ड्रायव्हर म्हणजे काय हे त्याला कळतं. तो डोळ्यांनी चालवू लागला. मी सीझनमध्ये पहिल्यांदा मान वर केली. रस्ता इतका अरुंद असेल अशी कल्पनाच नव्हती! मग गुरं अडवायची लोखंडी जाळी चाकांखाली खडखडली. जाळी वहीत एकच होती. बोट तिथे ठेवलं आणि पुढे वाचू लागले. अकरा सेकंद गेले असं तो म्हणतो, मी आठ म्हणते.

तीन ते सव्वाचार. पुढची एक गाडी चरात गेली, माणसं ठीक, पण स्टेज थांबवली. रांगेत इंजिनं बंद. उतरायचं, पण रस्ता सोडायचा नाही: पडलेल्या लष्करी वस्तूला हात लावू नका, स्फोट होऊन मराल, असे फलक इथे जागोजागी आहेत. एक वयस्कर मार्शल सकाळपासून पावसात फुकट उभे होते. त्यांनी खोऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे बाबेल नावाचं चॅपल होतं. १९४० साली लष्कराने डोंगर घेतला तेव्हा ५४ घरांतली २१९ माणसं उठवली. बहुतेक वेल्श बोलणारी, मेंढ्या पाळणारी. नंतर या डोंगरावर वेल्श भाषा उरली नाही. मला कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दल बोलणारी आमच्या ओळखीतली एक म्हातारी आठवली. ती गाव आहे असंच बोलायची, होतं असं कधीच नाही. मार्शलना हे मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. त्यांना पुरी दिली.

साडेपाच. सहा स्टेजेस, बेचाळीस मैल, सेहेचाळीस मिनिटं. आम्ही चौपन्नावे, गटात चौथे. तिसरा आमच्यापुढे सहा सेकंद. कोणी काही बोललं नाही. ड्रायव्हरने फक्त विचारलं, “अकरा का आठ?”

रात्री साडेदहा, ब्रिस्टल. अंगाला ब्रेकचा वास. उद्या साडेआठला ऑफिस. वही रेडिएटरवर वाळत घातली होती, ती उतरवली, चिकटलेली दोन पानं सोडवली आणि अकराव्या पानाच्या कोपऱ्याला चिकटपट्टीची जाड शेपटी लावली.