मडके, पेटी आणि ऊब

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी निपाणी-बेळगावकडील वाचकांना नव्याने सांगावयास नको. सणाआधी रानातून धरलेले नाग मडक्यात ठेवायचे, मडक्याच्या तोंडाला फडके बांधायचे आणि सण उरकला की पुन्हा रानात सोडायचे, अशी तेथील रीत होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांची ती पूजा थांबली. २०२५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक कारणासाठी अवघे २१ नाग धरण्याची परवानगी दिली. त्या प्रथेचे गुणदोष हा आजचा विषय नव्हे. मला आठवते ते मडके.

अंधार, चोहोबाजूंनी अंगाला लागणारी भिंत आणि पूर्ण निवांतपणा, एवढे मडक्यात असते. चेन्नईजवळ वडनेमेली येथे इरुळा आदिवासींची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. तेथेही विष काढण्यासाठी आणलेले साप मडक्यांतच ठेवतात व काही आठवड्यांनी सोडून देतात. सापाला काय हवे, हे त्या कुंभारकामात आपसूक उतरले आहे.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की गेल्या पौषात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. म्हणाला, “सर, पोरानं परदेशी अजगर आणलाय. तीन आठवडे झाले, काही खात नाही. तुम्ही एकदा येऊन बघा.” साप आफ्रिकेतला, ‘बॉल पायथन’ जातीचा. आपल्याकडचा कोणताही साप घरी पाळणे हा गुन्हा आहे. या परदेशी जातीची मात्र सरकारदरबारी नोंद करावी लागते. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर ती अनिवार्य झाली. ते कागद मुलाने रीतसर केले होते. चूक होती ती पेटीत.

काचेची पेटी दिवाणखान्यात, दूरदर्शन संचाशेजारी. आत लपावयास जागा नाही. वर उघडा शंभराचा दिवा. आल्यागेल्याला साप काढून दाखवायचा. सापाच्या पाठीवर भाजल्याचा डाग होता. पशुवैद्यांना बोलावले, त्यांनी औषध दिले आणि मग पेटीची मांडणीच बदलावयास लावली.

सापाच्या शरीरात आपल्यासारखी ऊब निर्माण होत नाही. रानात तो उन्हात येतो, तापला की सावलीत शिरतो. पोटातले अन्न जिरवण्यासाठीही त्याला बाहेरची उष्णता लागते. गारठ्यात खाल्लेले भक्ष्य तो पुष्कळदा ओकून टाकतो. म्हणून पेटीला दोन टोके हवीत: एक सुमारे ३१ ते ३३ अंशांचे, दुसरे २५ ते २७ अंशांचे. दोन्हीकडे एकेक अंधारी ढोली आणि गार टोकाला पाण्याचे जड भांडे. कोठे बसावयाचे ते सापाने ठरवावे.

उष्णतेची चटई पेटीच्या तळाखाली, बाहेरून, एकतृतीयांश भागापुरतीच लावावी आणि हवा खेळण्यास जागा ठेवावी. ती तापनियंत्रकाशिवाय कधीही चालू करू नये. त्याची तार उबदार ढोलीच्या तळाशी घट्ट बसवावी. ती सरकली, तर यंत्राला गारवा भासतो आणि चटई तापतच राहते. दिवा लावलाच, तर त्याला जाळी हवी, कारण जवळच्या उष्णतेपासून साप वेळेवर दूर होतोच असे नाही. काचेची पेटी उन्हात ठेवू नये. घटकाभरात तिची भट्टी होते. पेटीजवळ पडदे, कागद, लोंबत्या तारा नसाव्यात. झाकणाला कडी असावी.

बेळगावात पौषातल्या रात्री पारा तेरा-चौदा अंशांवर उतरतो आणि वीजही जाते. अशा वेळी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवावी. शेगडी मात्र खोलीत नेऊ नये.

साप नवा असेल, तेव्हा आधी दोन दिवस रिकामी पेटी चालवून दोन्ही टोकांचे तापमान पाहावे. साप आल्यावर आठवडाभर हात लावू नये. पाणी बदलावे एवढेच. त्यानंतर खाऊ घालावे आणि खाल्ल्यावर दोन दिवस पुन्हा निवांत सोडावे.

मुलाला हा आठवडा फार जड गेला. पेटी मागच्या खोलीत गेली, पाहुणे निराश झाले. दहाव्या दिवशी अजगराने आपणहून भक्ष्य घेतले. मुलाने ते रात्री दाराच्या फटीतून पाहिले.

नागपंचमीला आपण वारुळापाशी दुधाची वाटी ठेवतो. दूध हे सापाचे अन्न नव्हे, हे शाळेत आपणच शिकवतो. वाटीमागचा भाव खोटा नसतो, पण ती आपल्या आवडीची असते. ज्याने सापाला पेटीत घातले, त्याने त्याचे ऊन आणि सावली दोन्ही काढून घेतली. ती त्याच्या हिशेबाने परत देणे जमणार नसेल, तर पाळण्याचा हट्ट सोडावा. तो मुलगा आता वहीत दोन तापमापकांचे आकडे रोज लिहितो. मी ती वही तपासली. हस्ताक्षर वाईट आहे, पण एकही दिवस चुकलेला नाही.